वाचून परत द्यावे

शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे ओतीव सुट्या अक्षरांनी, छापून वाढदिवसाची भेट करायची असेल, तर शब्दांच्या बाबतीत कंजूष असावं. संगणकावर मजकूर वाढला की अक्षर जरा लहान करता येतं, ओळ आवळता येते, चौकट ताणता येते. खिळ्यापुढे यातलं काही चालत नाही. तो जेवढा रुंद ओतलाय तेवढी जागा घेणारच. आणि केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या घरांच्या लाकडी पेटीत, ‘द्य’ दोनच शिल्लक असतील, तर तीन ‘द्य’ असलेलं वाक्य कितीही सुंदर सुचलं तरी ते मनातच राहणार. जुन्या छापखान्याच्या सामानातून भेट करण्याची सगळी मजा या अडवणुकीत आहे, असं माझं मत आहे. लोक मात्र ती मजा कागदावर उमटणाऱ्या खोल ठशात शोधतात. त्याबद्दल पुढे बोलूच.

आमच्या आत्याला पंचाहत्तर पूर्ण होत होती. निवृत्त शिक्षिका. घरात भिंतभर पुस्तकं, आणि बाकीची सोसायटीतल्या निम्म्या घरांत. साडी नको, शाल तर नकोच नको, गोड तिला चालत नाही. तिला काय द्यायचं यावर घरात बरीच खलबतं झाली, आणि शेवटी तिच्या नावाच्या चिठ्ठ्या छापायच्या ठरल्या. पुस्तकाच्या कव्हराच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या, तळहाताएवढ्या.

युरोपात ही रीत पंधराव्या शतकापासून आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं न्यूरेंबर्गच्या विलिबाल्ड पिर्कहायमर या विद्वान मित्रासाठी लाकडी ठशातून अशी चिठ्ठी करून दिली होती. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘स्वतःसाठी आणि मित्रांसाठी’. आत्याचाही स्वभाव असाच. फक्त मित्रांकडून तिला पुस्तक परत हवं असतं.

वाढदिवस आणि छापखाना यांची सर्वांत प्रसिद्ध गाठ पडली ती मात्र लंडनमध्ये. २५ जानेवारी १९१५ हा इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचा तेहतिसावा वाढदिवस. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी तीन बेत केले. रिचमंडमधलं हॉगर्थ हाउस भाड्यानं घ्यायचं, छपाईचं यंत्र घ्यायचं आणि एक बुलडॉग पाळायचा. घर लगेच मिळालं, यंत्र घ्यायला मार्च १९१७ उजाडलं. फॅरिंग्डन रोडवरच्या एका दुकानातून त्यांनी हातानं चालवायचं लहानसं यंत्र, थोडे खिळे आणि शिकण्यासाठी एक पातळ पुस्तिका विकत घेतली. छपाईच्या शाळेनं त्यांना प्रवेश दिला नव्हता, कारण तिथे फक्त धंद्यातल्या उमेदवारांना शिकवत. यंत्र ठेवलं जेवणाच्या खोलीत. लेनर्ड यांचे हात जन्मापासून थरथरत, म्हणून खिळे जुळवण्याचं काम व्हर्जिनियाबाईंकडे आलं आणि दांडा ओढण्याचं लेनर्ड यांच्याकडे. बाईंनी सुरुवातीलाच इंग्रजी ‘एच’ आणि ‘एन’ यांची घरं एकमेकांत कालवून ठेवली, असं त्यांनी बहिणीला कळवलंय. त्याच वर्षी जुलैत दोघांच्या एकेक कथेचं छोटं पुस्तक निघालं. प्रती सुमारे दीडशे, आत चित्रकार डोरा कॅरिंग्टनची लाकडी ठशांची चित्रं. ‘हॉगर्थ प्रेस’ ही नामांकित प्रकाशनसंस्था अशी जेवणाच्या खोलीतून सुरू झाली.

तिकडे घरगुती छपाईची हौस बरीच जुनी होती. अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरिडन गावची केल्सी कंपनी १८७२ पासून टेबलावर मावणारी यंत्रं विकत होती, आणि गिऱ्हाईक म्हणून शाळकरी मुलंही धरत होती. इंग्लंडात डोनाल्ड ॲस्पिनल यांनी १९२२ मध्ये ‘अडाना’ कंपनी काढली. तिचं आठ इंच बाय पाच इंचाचं यंत्र आजही तिकडच्या हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये चालताना दिसतं.

आपल्याकडे छपाई हौस म्हणून घरात आलीच नाही. इथे छापखाना म्हणजे पोटापाण्याचा धंदा. ज्या माणसानं मराठी आणि संस्कृत खिळ्यांना देखणं रूप दिलं, ते जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले होते. पुढे त्यांनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला, १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला, आणि राणूजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा कारागीर जोडीला घेतला. निर्णयसागरचं अक्षर देशभर गाजलं. आज आपण पडद्यावर वाचतो त्या कित्येक देवनागरी अक्षरांच्या वळणात ते अजून ओळखू येतं.

तर आत्याची चिठ्ठी छापायची कुठे? पुण्याच्या पेठांत एके काळी खिळ्यांचे छापखाने गल्लोगल्ली होते. ऑफसेट आलं, पाठोपाठ डीटीपी आलं, आणि खिळे भंगारवाल्याकडे किलोनं गेले. पण पायानं चालवायची ट्रेडल मशीनं सगळीच गेली नाहीत. बिलबुकावर नंबर टाकायला, पावतीला भोकांची रेघ मारायला, लग्नपत्रिकेला घडी पाडायला त्यांचा उपयोग अजून होतो. म्हणून शोध घ्यायचा तर ‘खिळ्यांची छपाई करता का’ असं विचारत फिरू नये. ‘नंबरिंग, परफोरेशन’ अशी पाटी बघून आत जावं आणि कोपऱ्यात लाकडी केसेस रचलेल्या दिसतात का ते बघावं. मला अशाच एका ठिकाणी एक काका भेटले. मशीन चालू, खिळे धूळ खात पडलेले, आणि बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद. खिळे हाताळायला देण्याआधी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जेवून आलात की जेवायचंय अजून?”

हा प्रश्न पाहुणचाराचा नव्हता. खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्र रस. शिसं स्वस्त आणि लवकर वितळणारं, पण मऊ. अँटिमनीनं त्याला कठीणपणा येतो, शिवाय रस गार होताना फारसा आकसत नाही, त्यामुळे साच्यातल्या अक्षराची कड धारदार उतरते. कथिलानं रस पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यात पोचतो. वर्षानुवर्षं दमट हवेत पडलेल्या खिळ्यांवर पांढुरकी भुकटी धरते, तिच्यात शिशाचे क्षार असतात आणि ते विषारी असतात. ती फुंकरीनं उडवायची नाही, कोरड्या ब्रशनंही झाडायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायची. खिळे हाताळताना चहा, बिस्किट, तंबाखू काही नाही, आणि काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. लहान मुलांच्या हाती खिळे देऊ नयेत, खेळणं म्हणून तर नाहीच.

आता एक खिळा जवळून बघा. शिशाची चौकोनी काडी, एका टोकाला उलटं अक्षर. उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर. हे ब्रिटिश-अमेरिकन माप आपल्याकडे रुळलं. अक्षर लहान असो की मोठं, उंची हीच, कारण सगळ्यांची डोकी एका पातळीत आली तरच शाई सारखी लागणार. काडीच्या अंगावर एका बाजूला आडवी खाच असते. खिळे जुळवणारा जुळारी अक्षराकडे बघतही नाही, अंगठ्याला खाच लागली की खिळा सुलट धरला हे त्याला कळतं. खिळे डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, डावीकडून उजवीकडेच लावायचे, पण डोक्यावर उभे राहिल्यासारखे. काकांना असं उलटं वाचणं सुलट्याइतकंच सवयीचं. मला मात्र ‘म’ आणि ‘भ’ नीट न्याहाळल्याशिवाय ओळखू येत नव्हते.

इंग्रजी जुळणीला दोन केसेस पुरतात. मराठीला तीन-चार लागतात, जुळाऱ्याच्या समोर आणि दोन्ही बाजूंना मांडलेल्या. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, उकार मिळून शेकडो घरं होतात. सगळ्यांत जास्त वापराची अक्षरं हाताजवळ मोठ्या घरांत, क्वचित लागणारी लांब कोपऱ्यात. या सगळ्या व्यवस्थेचा इतिहास ज्यांना मुळापासून वाचायचा असेल त्यांनी बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) हा इंग्रजी ग्रंथ मिळवावा. या विषयावर एवढं नेकीनं दुसऱ्या कोणी क्वचितच लिहिलं असेल.

चिठ्ठीचा मजकूर घरातल्या सगळ्यांनी मिळून बिघडवला होता. भावाला चार ओळींचं कवन हवं होतं. आईचं म्हणणं, ‘कृपया’ तरी घाला, बरं दिसतं. काकांनी केसमधला ‘कृ’ काढून दाखवला. खालचा आकडा झिजून गेलेला, कागदावर तो ‘क’च उमटला असता. ‘कृपया’ गेलं. कवनही गेलं, कारण त्यात मोठ्या आकाराचे इतके ‘ला’ होते की काने पुरेनात. राहिलं ते एवढं. वर आत्याचं नाव, त्याखाली ‘यांच्या संग्रहातून’, आणि तळाला लहान अक्षरात ‘वाचून परत द्यावे’. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईच्या तोंडी ‘कृपया’ नसतंच तसंही.

शेवटची ओळ जुळवताना काय होतं ते सांगते. ‘वा’ म्हणजे ‘व’चा खिळा आणि शेजारी कान्याचा वेगळा खिळा. ‘चू’च्या ऊकाराची सोय ‘च’च्या खाली. ‘द्या’मधला ‘द्य’ हे जोडाक्षर अखंड ओतलेलं, त्याला पुढे काना. खरी नाजूक जागा म्हणजे ‘वे’. जुन्या मराठी केसेसमध्ये मात्रा बसवायच्या निरनिराळ्या तऱ्हा सापडतात. कुठे मात्रा बारीक खिळ्यावर ओतून अक्षराच्या डोक्यावर वेगळी मांडतात. कुठे तिचं टोक स्वतःच्या खिळ्याबाहेर लोंबतं आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतं. हे लोंबणारं टोक सगळ्यात आधी तुटतं. म्हणून जुना खिळा घेताना मात्रा आणि रफार भिंगाखाली बघावेत, बाकीचं अक्षर नंतर.

देवनागरीची आणखी एक अट आहे, जी इंग्रजीत छापणाऱ्याला कधी भेटतच नाही. इंग्रजी शब्दातली अक्षरं सुटी असतात. ओळ भरायची असेल तर दोन अक्षरांमध्ये बारीक पट्टी सरकवता येते, शीर्षकात तर तशी मुद्दाम मोकळी अक्षरं लावतात. आपल्याकडे शिरोरेषा खिळ्याच्या दोन्ही कडांपर्यंत ओतलेली असते, म्हणजे खिळे एकमेकांना चिकटले की रेषा सलग होते. मध्ये कागदाचा कपटा जरी गेला तरी शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्यामुळे जागेची सगळी कसरत शब्दांच्या मधेच करावी लागते. मोठ्या अक्षरात छापलेल्या नावात तर खिळ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर जोड लगेच उघडे पडतात. आत्याच्या नावासाठी काकांनी चोवीस पॉइंटाचे खिळे काढले, कडेनं एकमेकांना लावून उजेडासमोर धरले, आणि फट दिसली तो बाजूला टाकला. नाव चार अक्षरांचं होतं म्हणून जमलं. आडनावासकट पूर्ण नाव घातलं असतं तर एकसारखे, न झिजलेले खिळे तेवढे निघालेच नसते.

ओळ स्टिकमध्ये भरली की तिची परीक्षा असते. स्टिक किंचित तिरकी केली तर ओळ स्वतःच्या आधारानं उभी राहिली पाहिजे, पण बोटानं ढकलली तर सरकलीही पाहिजे. ढिली असेल तर छापताना एखादा खिळा वर उचलला जातो आणि रोलर त्याला ओढून नेतो. फार घट्ट असेल तर शेजारची ओळ ढिली पडते. मजकूर ओळीच्या मधोमध आणायला दोन्ही बाजूंना सारख्या मापाचे कोरे खिळे भरायचे, ते उंचीला कमी असल्यामुळे छापत नाहीत. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या. या पट्ट्यांबाबत हात सैल सोडावा. नवशिक्याच्या छपाईत सगळ्यात जास्त खटकतं ते ओळींचं एकमेकींवर चढणं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा यांना मोकळी हवा लागते.

चित्रासाठी दोन वाटा होत्या. लग्नपत्रिकांच्या जमान्यातले जस्ताचे ब्लॉक काकांकडे खोकंभर पडले होते. गणपती, कलश, केळीचे खांब, सनई-चौघडा. पुस्तकावर सनई-चौघडा लावायचा मोह आवरला आणि लिनोलियमचा तुकडा आणून झोपाळा कोरला, कारण आत्या वाचते ती झोपाळ्यावर बसून. लिनो कोरणं सोपं आहे. जे छापायचं ते ठेवायचं, बाकीचं व्ही आकाराच्या पटाशीनं काढून टाकायचं. चित्र उलटं उमटतं, पण झोपाळ्याला डावं-उजवं नसतं. अक्षरं मात्र लिनोत कोरायच्या भानगडीत पडू नये, ती खिळ्यांवर सोपवावीत. लिनोची जाडी साधारण ३.२ मिलिमीटर, म्हणजे खिळ्यांच्या उंचीला यायला त्याखाली वीस मिलिमीटरचा लाकडी ठोकळा हवा. सुतार वीस म्हणून एकोणीस देतो. उरलेली कसर खाली पुठ्ठा आणि पातळ कागद चिकटवून भरायची. साखळ्या मी जरा जाड ठेवल्या. लिनोत केसाएवढी बारीक रेघ ठेवली तर ती दाबाखाली वाकते किंवा तुटते.

मग ओळी, चित्र आणि भोवतीची नक्षीची चौकट एका सपाट लोखंडी पाटावर मांडून लोखंडी चौकटीत बसवायची, मोकळ्या जागेत लाकडी पट्ट्या भरायच्या आणि पाचरी किल्लीनं आवळायच्या. आवळण्याआधी वर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचं, म्हणजे वर आलेला खिळा खाली बसतो. नंतर चौकट एका बाजूनं जरा उचलून खिळे बोटांनी दाबून बघायचे. एकही हलता कामा नये. हलला तर सगळं सोडून पुन्हा.

शाई तेलाची, टूथपेस्टसारखी घट्ट. ती हवेतल्या प्राणवायूनं वाळते, पाणी उडून नाही. म्हणून छापल्यावर कागद दिवसभर तरी सुटे पसरून ठेवावे लागतात. रबरी शिक्क्याची शाई इथे कामाची नाही, ती खिळ्यावर थांबतच नाही. शाई बेतानं लावणं हे अर्धं कौशल्य आहे. जास्त झाली की ‘द्य’च्या पोटातली पांढरी जागा बुजते, ‘संग्रहातून’मधला अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. रोलर पाटावर फिरताना त्याचा आवाज ऐकावा. बारीक चरचर असेल तर ठीक, पचपच असेल तर शाई काढावी.

आता खोल ठशाबद्दल. हल्लीच्या महागड्या पत्रिकांवर अक्षर इतकं रुतलेलं असतं की डोळे मिटून वाचता येईल, आणि लोकांना तीच ‘खरी जुनी’ छपाई वाटते. जुन्या छापखान्यात हा दोष मानला जाई. चांगला छापणारा कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवी. काही लागलं नाही पाहिजे, शाई पुढच्या बाजूला काळीभोर आणि मागे कागद सपाट. मी जरा जास्त दाब मागितला तर काका म्हणाले, “ताई, कागदाला शाई लावायचीय, भोक नाही पाडायचं.” त्यांचं खरं होतं. जास्त दाबानं शिशाची कड चेपते, आणि हे खिळे आता नव्यानं ओतून मिळणं कठीण आहे. हल्लीचे खोल ठसे बहुतेक फोटोपॉलिमरच्या प्लेटवरून काढतात. ती टाकून देता येते. ज्यांना रुतलेलं अक्षर हवंय त्यांनी तीच वाट धरावी आणि म्हातारे खिळे चेंगरू नयेत.

दाब सारखा पडण्यासाठी कागदामागचं पॅकिंग जुळवणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात कमी दिसणारं प्रकरण. पहिला छाप घ्यायचा, बघायचं. नाव फिकं आलंय, झोपाळ्याची फळी गडद, चौकटीचा एक कोपरा उमटलाच नाही. मग फिक्या जागेमागे टिश्यूएवढ्या पातळ कागदाचे तुकडे चिकटवायचे, गडद जागेमागचा थर कापायचा, पुन्हा छाप. काका हे काम रेडिओ ऐकत करत होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

ट्रेडलवर कागद देणं मात्र मी त्यांच्यावर सोडलं. पायानं पावडी दाबली की मोठं चाक फिरतं, मशीनचा जबडा उघडतो आणि मिटतो. उघडा असताना उजव्या हातानं कोरा कागद पिनांना टेकवायचा, डाव्या हातानं छापलेला काढायचा. लय एकदा बसली की हात आपोआप चालतो आणि नेमकं तेव्हाच लक्ष उडतं. कागद वाकडा बसला तर तो वाया जाऊ द्यायचा, सरळ करायला हात आत घालायचा नाही. या मशीनांनी पुष्कळ छापणाऱ्यांची बोटं नेली आहेत. ज्यांना सगळं स्वतःच करायचंय त्यांच्यासाठी बाइंडरचा शिकंजा बरा. आवळलेले खिळे सपाट ठेवावेत, हातरोलरनं शाई लावावी, कागद आणि वर नमद्याचा किंवा घोंगडीचा तुकडा ठेवून स्क्रू फिरवावा. तळहाताएवढ्या चिठ्ठीला एवढा दाब पुरतो. वेळ जास्त लागतो, पण दहाही बोटं घेऊन घरी येता.

कागदाच्या निवडीत भावनेला जागा देऊ नये. हातकागद म्हटलं की सगळे हळवे होतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, आणि सुती कात्रणांपासून केलेल्या त्या कागदावर शाई खरोखर सुंदर बसते. पत्राला, शुभेच्छापत्राला तोच घ्यावा. हातकागदाच्या एकाच तावात जाडी कमी-जास्त असते, म्हणून छापण्याआधी तो किंचित दमट करून दाबून ठेवला तर छाप समान येतो. पण पुस्तकात चिकटवायच्या चिठ्ठीला जाड कागद चालत नाही, कव्हर फुगतं. आम्ही चकाकी नसलेला, पातळ, जरा पिवळसर कागद घेतला. यंत्रावर केलेल्या कागदाला धाग्यांची एक दिशा असते. चिठ्ठीतली ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवावी. आडवी गेली तर खळ वाळताना चिठ्ठी कव्हरालाही आपल्याबरोबर वाकवते. दिशा ओळखायला कागदाचा तुकडा पाण्यावर सोडावा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तीच त्याची दिशा.

चिठ्ठीच्या अगदी तळाशी काकांनी न विचारता आणखी एक ओळ घातली, सर्वांत लहान अक्षरात, ‘मुद्रक’ आणि पेठेचं नाव. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं केलं होतं. तो कायदा आता नाही, आणि असता तरी या चिठ्ठीसाठी कोणी खटला भरला नसता. पण दीडशे वर्षांची सवय बोटांत असते. मला ती ओळ आवडली. घरच्यांना वाटलं जाहिरात आहे.

छपाई संपली की खिळे रॉकेलच्या फडक्यानं पुसून एकेक आपापल्या घरात परत टाकायचे. हे काम कोणालाही आवडत नाही, म्हणून ते नवीन पोऱ्याकडे जातं. त्या दिवशी पोऱ्या मीच होते. तेलकट शाईची फडकी गोळा करून कोपऱ्यात कोंबू नयेत, जवसाच्या तेलाची शाई असेल तर अशा बोळ्यात आपोआप उष्णता वाढून आग लागू शकते. ती मोकळी पसरून वाळवावीत.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या कापून, गठ्ठा सुतळीनं बांधून, सोबत खळीची बाटली दिली. डिंक किंवा बाजारातला पांढरा गोंद पुस्तकाला चांगला नाही. काही वर्षांत पिवळा पडतो, आणि चिठ्ठी काढायची झाली तर पान फाडून निघते. मैद्याची खळ पाण्यानं सुटते. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी असल्यामुळे बाटलीवर ठळक चिठ्ठी लावली आणि ती स्वयंपाकघरात ठेवायची नाही असं आत्याला बजावलं. खळ चिठ्ठीला पातळ लावायची, मधून कडेकडे, चिठ्ठी बसवून वर कोरा कागद ठेवून घासायचं आणि पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवायचं.

आत्यानं गठ्ठा सोडला, एक चिठ्ठी चष्मा लावून वाचली, उलटी करून पाठीवर बोट फिरवलं. तिचे वडील एका साप्ताहिकाची प्रूफं तपासत, हे मी विसरलेच होते. मग म्हणाली, “छान झालंय. पण जी गेलीत, त्यांना कुठे जाऊन लावू?” आणि कागद-पेन मागवून सोसायटीतल्या बिऱ्हाडांची यादी करायला बसली.